मिरवणुकीनंतरचा काळा धूर

त्या रविवारी आमच्या दारात होतो ते असे: मी, खाटेवर आमचे हे, आमचा मुलगा, सून, इंजिनाची कामं करणारे फिटरभाऊ, गाडी विकत घ्यायला आलेला दलाल, आणि भिंतीपलीकडून बघणारी शेजारीण. ती आपण होऊन आली होती, कुणी बोलावलं नव्हतं. आणि गाडी. तिला मी माणसांतच धरते, कारण घर तिच्यावर चालत होतं.

आता सांगताना बरं वाटतं. पाण्याचा तांब्या जवळ घेऊन निवांत सांगते. तेव्हा तसं नव्हतं. संध्याकाळपर्यंत गाडी दारातून जाणार, असं पक्कं झालं होतं.

आम्ही विश्रांतवाडीचे. हे आधी नगर रोडच्या एका कारखान्यात ड्रायव्हर होते. मग बाहेरच्या देशातल्या कंपन्या आल्या, नवीन मशीनं आली, आणि ह्यांच्या कारखान्यानं माणसं कमी करायला काढली. स्वखुशीनं सोडा म्हणाले. ह्यांनी खुशी दाखवली. दुसरं काय दाखवणार? त्या मधल्या काळात मी रस्त्याकडेनं चर खणायला जायचे. पुणंभर कसल्या कसल्या केबली पुरायचं काम निघालं होतं. उन्हात टिकाव मारायचा, दुपारी चराच्या सावलीतच बसून भाकरी खायची. त्याच केबलींवर पुढं कॉम्प्युटरच्या कंपन्या चालल्या, असं माझी नात म्हणते. असेल. मला कुठं खडक लागला होता तेवढं आठवतं.

कारखान्याच्या पैशात बँकेचं कर्ज घालून ह्यांनी डिझेलची मिनीबस घेतली. जुनीच, पण अंगानं धड. हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपन्या निघाल्या होत्या, तिथल्या पोरापोरींना घरून न्यायचं आणि परत आणून सोडायचं, असं काम लागलं. पोरी चांगल्या होत्या. ह्यांना काका म्हणायच्या. डोळे सोडून सगळं तोंड ओढणीत गुंडाळून बसायच्या, पुण्यातल्या पोरी बसतात तशा. हे घरी येऊन सांगायचे, "मी कुणालाच तोंडानं ओळखत नाही. ओढणीचा रंग बदलला की मी फसलो."

ह्यांच्या खांद्यावर सदा एक पंचा असायचा. मंडईजवळच्या दुकानातून घेतलेला, पांढरा, बारीक लाल काठाचा. घाम पुसायला तोच, काच पुसायला तोच, जेवताना मांडीवर तोच. मी म्हणायचे, "अहो, त्याला एकदा तरी विसावा द्या." हे म्हणायचे, "तो सरकारी नोकर नाही."

दरवर्षी जयंतीच्या मिरवणुकीत आमची गाडी पुढं असायची. फोटो, फुलं, निळ्या झिरमिळ्या लावून सजवायची, आणि पायी चालता न येणाऱ्या म्हाताऱ्या बायांना आत बसवायचं. दुपारी निघालं की रात्रीपर्यंत गाडी मुंगीच्या पावलानं चालायची. चौफेर निळा गुलाल. तो इतका उडायचा की पोरं नाकाला रुमाल बांधून नाचायची. हेही पंचा नाकाला गुंडाळून स्टेअरिंगवर बसायचे.

त्या वर्षी मात्र हे घरी आले ते उघड्या नाकानं. नाकपुड्या निळ्या, मिशा निळ्या, शिंका थांबेनात. मी पाणी तापवून ठेवलं होतं. म्हटलं, "पंचा कुठं टाकला?"

"ड्युटीवर आहे," हे म्हणाले आणि हसले.

मी थकले होते. विहारात जेवण वाढून आले होते. कुणाला दिला असेल म्हणून विचारलं नाही. हे अंघोळ करून झोपले.

सकाळी हे उठायला गेले तर उजवं अंग उठेना. तोंड वाकडं झालं होतं, आणि बोलायला गेले तर नुसता आवाज. सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. जीव वाचला. वाचा आणि उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, वाचा हळूहळू येईल, नाहीही येणार. मी म्हटलं, माणूस घरी न्यायला मिळतंय ना, बास.

मुलगा तेव्हा एका दुकानात कामाला होता. ते सोडून तो गाडीवर बसला. लायसन होतंच त्याच्याकडं. पहिल्याच दिवशी त्यानं नळाला पाइप लावून गाडी पुढून-मागून धुतली. निळं पाणी गटारातून वाहत शेजारणीच्या दारापर्यंत गेलं. ती म्हणाली, "जयंती संपली ना? का अजून चालूच?"

धूर सुरू झाला तो त्यानंतर. आधी थोडा. मग गाडी चढाला लागली की जास्त. मग सकाळी चालू केली तरी काळाकुट्ट, जाड, रॉकेलवर टायर पेटवल्यासारखा. गाडीला जोर राहिला नाही. डिझेल जास्त प्यायला लागली. शेजारीण रोज दोरीवरचे कपडे काढता काढता म्हणायची, "ताई, गाडी चालू करायच्या आधी एक हाक मारत जा. माझी धुणी पांढरी राहायची हौस आहे मला."

मग ते लग्न झालं. आमच्यातल्याच एका घरचं वऱ्हाड कात्रजच्या घाटापलीकडं न्यायचं होतं. आमच्यात लग्नाला पांढरे कपडे. नवरा-नवरी पांढऱ्यात, मामा-काका पांढऱ्यात, बाया पांढऱ्या साड्यांत. कात्रजचा घाट चढताना गाडीनं असा धूर सोडला की मागच्या खिडक्यांतून आत आला. उतरले तेव्हा नवरीच्या मामाच्या सदऱ्यावर पाठभर काजळी. मुलगा सांगत होता, मामा काही बोलले नाहीत, नुसतं सदरा पुढं ओढून दाखवला. बोलले असते तर बरं, असं वाटलं त्याला.

हिंजवडीच्या गाड्या बघणारा एक तरुण सुपरवायझर होता. त्यानं मुलाला बाजूला घेतलं. "कंप्लेंट येतायत रे. गेटवर सिक्युरिटी पण बोलली. सोमवारी मला गाडी क्लीन पाहिजे, नाहीतर मी दुसरी लावतो. पर्सनली घेऊ नकोस." धूर तपासणाऱ्यानंही मागच्या नळीत त्याची नळी घातली, आकडा बघितला आणि सर्टिफिकेट द्यायला नाही म्हणाला.

मुलानं फिटरभाऊंना आणलं. हे भाऊ ह्यांच्या कारखान्यातले जुने सोबती. माणूस कामाचा, उगाच खोलखाल करणारा नाही. दोन-तीन संध्याकाळी ते आमच्या दारात गाडीखाली आडवे होते. मी चहा दिला की बाहेर यायचे आणि मला समजेल असं सांगायचे.

"वहिनी, धुराला रंग असतो. पांढरा वेगळा, निळा वेगळा. निळा आला तर ऑइल जळतंय. हा काळा आहे. काळा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय. एकतर डिझेल जास्त जातंय, नाहीतर हवा कमी पडतेय."

"स्टोव्हसारखं," मी म्हटलं. "भोकं बुजली की पातेलं काळं."

"बरोबर तसंच."

म्हणून त्यांनी आधी हवेची डबी उघडली. इंजिनाला जाणारी हवा गाळायची कागदी जाळी असते तिच्यात. ती निघाली स्वच्छ. ह्यांनी जयंतीच्या आधीच नवीन घातली होती. भाऊंनी ती उजेडासमोर धरून मलाही दाखवली. "हवेचं ठीक आहे," म्हणाले आणि डबी बंद केली. मग डिझेल उडवणारे नोझल काढून पंपाच्या दुकानात तपासून आणले. ठीक. इंजिनात डिझेल सोडणारा पंप कमी-जास्त करून बघितला. धूर तेवढाच. शेवटी हात पुसत म्हणाले, "मग आतच काहीतरी गेलंय. कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, राहिलं नसेल. इंजिन खोलावं लागेल."

इंजिन खोलायचं म्हणजे गाडी महिनाभर उभी. सोमवारी काम जाणार, हप्ता थांबणार, ह्यांची औषधं आणि मालिशवाला थांबणार. मुलगा रात्रभर कूस बदलत होता. सकाळी म्हणाला, "आई, विकून टाकू. चालतीय तोवर काहीतरी येईल. नंतर भंगारच्या भावानं जाईल." मी हो म्हटलं. काय म्हणणार? त्यानं दलालाला रविवारी बोलावलं. ह्यांना कुणी सांगितलं नाही. पण ऐकू सगळं येत होतं त्यांना.

आता ह्यांचं सांगते. दारातल्या खाटेवर पडलेले असायचे, गाडी समोरच. गाडी चालू झाली की ह्यांचा डावा हात उठायचा. आधी स्वतःच्या खांद्यावर थोपटायचे, मग हातानं नाक झाकायचे, मग गाडीकडं बोट. आणि घशातून आवाज. दर वेळी हेच, ह्याच क्रमानं.

आम्ही लावला अर्थ. खांदा दुखतोय, आणि धुरानं जीव घुसमटतोय. म्हणून सून रोज खांद्याला तेल चोळायची. ते पुन्हा थोपटायचे, ती पुन्हा चोळायची. बिचारीनं बाटल्या संपवल्या. धूर नको म्हणून मुलानं खाट आत ओढली. त्या दिवशी हे जेवलेच नाहीत. तोंड फिरवून पडले. खाट परत दारात आणली तेव्हा जेवले. सून म्हणाली, "अण्णांना धूरही नको आणि आतही नको. कसं करायचं?" मुलगा म्हणाला, "पुणेकर आहेत. काहीही केलं तरी नको."

रविवारी दुपारी दलाल आला. जाडसर, डोक्यावर गॉगल, बोलायला गोड. गाडीभोवती फिरला, टायरला लाथ मारली, आत वाकून बघितलं. "चालू करा." मुलानं चालू केली. गल्ली काळी झाली. शेजारीण दोरीकडं धावली. दलालानं आकडा सांगितला तो ऐकून मुलगा खाली बघायला लागला. फिटरभाऊही आले होते, हिशोबात कुणी फसवू नये म्हणून. ते म्हणाले, "अहो, निदान माणसासारखं बोला." दलाल म्हणाला, "धूर बघून बोलतोय. माणूस बघून बोललो असतो तर जास्त बोललो असतो." बोलता बोलता आकडा थोडा वर गेला. मुलगा कागद आणायला उठला. सुनेनं सगळ्यांना चहा दिला.

इकडं ह्यांचं सुरू झालं. खांदा, नाक, गाडी. खांदा, नाक, गाडी. सूनबाई कामात होती म्हणून मी तेलाची बाटली घेतली आणि खाटेवर बसले. हातावर तेल ओतणार तर ह्यांनी डाव्या हातानं बाटली अशी उडवली की तेल माझ्या मांडीवर. डोळे लाल. मी काही बोलणार तोच ह्यांनी माझा पदर धरला, वर ओढला आणि माझ्या नाकावर दाबला. चांगला घट्ट.

"अहो, माझं नाक कशाला दाबताय? मला मारता का?"

ह्यांनी गाडीकडं बोट केलं. पदर सोडला नाही.

मी पदरातून श्वास ओढत बसले आणि ह्यांच्याकडं बघितलं. नाकावर फडकं. मिरवणुकीत बसायचे तसं. आणि मग मला निळ्या मिशांचा तो चेहरा दिसला, उघड्या नाकाचा. पंचा ड्युटीवर आहे. हात पुन्हा खांद्याकडं गेला त्यांचा. खांदा दुखत नव्हता. खांद्यावर काय असायचं ते सांगत होते.

मी विचारलं, "पंचा?"

ह्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली. लहान पोराला शेवटी शहाणपण आलं की मोठं माणूस हलवतं तशी.

"गाडीला बांधलाय?"

पुन्हा मान. आणि डोळ्यांतून पाणी.

मी तशीच उठले, साडीला तेल लागलेलं. भाऊंना म्हटलं, "भाऊ, ह्या गाडीचं नाक कुठं असतं?"

दलाल हसला. भाऊ म्हणाले, "वहिनी, ती हवेची डबी मी बघितली की. तुम्हाला दाखवली पण."

"डबी नाही. डबीत हवा येते ती कुठून येते? पहिल्यांदा आत शिरते ते तोंड?"

भाऊंचा कप हातातच राहिला. "पुढच्या जाळीमागून," ते म्हणाले. "डाव्या दिव्याच्या आतल्या बाजूला पाइपचं तोंड आहे. पण ते कोण..." कप खाली ठेवला, पान्हा घेतला, आणि दिवा काढायलाच लागले. मुलगा हातात कागद घेऊन आला तो तसाच बघत उभा राहिला.

दिवा निघाला. भाऊंनी आत हात घातला, चाचपडला, आणि त्यांचं तोंड बदललं. "सुतळी आहे," म्हणाले. कापून ओढलं. बाहेर आलं ते कापड वाटत नव्हतं. पापडासारखं कडक, निळं आणि काळं, पाइपच्या तोंडाचा गोल ठसा त्यावर उमटलेला. दुहेरी घडी घालून बांधला होता. मी एक कोपरा नखानं खरवडला. खाली बारीक लाल काठ निघाला.

मग भाऊंनी उलगडून सांगितलं. गुलाल इंजिनात जाऊ नये म्हणून ह्यांनी बांधला. सकाळी सोडायचा होता. सकाळ तशी उगवली. पंचा कोरडा होता तोवर हवा झिरपत होती. मग धुताना पाणी बसलं, गुलालाचा चिखल झाला, वर रस्त्याची धूळ बसत गेली. "डिझेल पुरेपूर आणि हवा चिमूटभर. ते बिचारं जळणार कसं?" म्हणाले. मग खाटेकडं बघून मोठ्यानं ओरडले, "अरे मित्रा, मी तुझं इंजिन खोलायला निघालो होतो!"

ह्यांनी डाव्या बाजूनं हसून दाखवलं. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा.

मुलगा म्हणाला, "चालू करू?" आणि केली. पहिल्यांदा एक काळा गोळा बाहेर आला. "साठलेलं आहे, जाऊ द्या," भाऊ म्हणाले. "ॲक्सिलेटर दाब आता." मुलानं दाबलं. गाडीचा आवाज मोकळा झाला, सर्दी गेलेल्या माणसाचा होतो तसा. मागं नुसती हवा थरथरत होती. भाऊंनी पांढरा रुमाल मागच्या नळीसमोर धरला आणि सगळ्यांना फिरवून दाखवला. थोडा राखाडी झाला होता, बास. भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, "म्हणजे आता मी कपडे वाळत घालू का?" सून म्हणाली, "घाला मावशी, आमचेही घाला." आणि तिला रडू आलं. मला आलं नाही. मी साडीवरचं तेल बघत होते. ते निघणार नाही एवढंच डोक्यात आलं, आणि फार हलकं वाटलं.

दलाल उठला. गॉगल डोळ्यावर ओढला. "म्हणजे माझा आकडा गेला."

मुलगा म्हणाला, "आकडा तुमचाच राहू द्या. चहा आमचा होता."

भाऊंनी लगेच मुलाला घेऊन गाडी कात्रजच्या घाटात नेली. अंधार पडल्यावर आले. "चढली," एवढंच म्हणाले आणि जेवायला बसले. सोमवारी गाडी हिंजवडीच्या गेटवर लागली. सुपरवायझर मागं उभा राहून बघत होता. "काय केलंस?" मुलगा म्हणाला, "नाक साफ केलं."

खाट मग कायम दारातच राहिली. ह्यांची वाचा पुढं थोडी आली, दोन-चार शब्द. मालिश चालू राहिली, कारण गाडी चालू राहिली. हे आणखी बरीच वर्षं होते. गाडी परत आली की डावा हात वर करायचे, आणि मुलगा हॉर्न द्यायचा. सुनेनं त्यांच्या खांद्याला तेल लावणं सोडलं नाही. आता काय म्हणून, असं मी विचारलं तर म्हणाली, "सवय झाली, आणि अण्णांना आवडतंय."

पंचा मी सोड्यात भिजवला, दगडावर आपटला. मऊ झाला. निळा गेला नाही पूर्ण. तसाच त्यांच्या खांद्यावर टाकला. मालक विसाव्याला गेल्यावर आता तो माझ्या उशाला असतो. विरलाय, पण काठ शाबूत आहे.

वाचणाऱ्याला एवढीच विनंती आहे. मिरवणुकीला, लग्नाला, धुळीच्या रस्त्याला गाडी नेताना तुम्ही तिला कुठं काही फडकं बांधलंत, तर घरातल्या एकाला तरी तोंडानं सांगून ठेवा.